पाठीवरची पांढरी रेघ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मृगाचा पाऊस पडला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक. घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षे शिकवले. त्यामुळे कुणाच्या न्हाणीघरात, माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे काही हलले की लोकांना पहिली आठवण माझी होते. पूर्वी बेडूक पिशवीत घालून घरी आणत असत. आता मोबाईलवर फोटो पाठवतात. बेडकाच्या दृष्टीने ही फार मोठी सुधारणा आहे. सोबत एवढाच मजकूर : ‘‘काका, हा कुठला? विषारी नाही ना?’’ फोटो बहुतेक वेळा उभ्या उभ्या, वरून काढलेला. त्यात बेडकाची पाठ तेवढी दिसते.

मी उलट विचारतो, ‘‘त्याची मांडी दिसेल असा एखादा फोटो मिळेल का?’’

पलीकडे शांतता. म्हातारा काहीतरी विचित्रच विचारतो आहे, असे वाटत असणार. पण मंडळी, बेडूक ओळखायचा तर ही सवय लावून घ्यावी लागते. जी खूण आपल्याला पटकन दिसते, तीच बेडकाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवते. आणि जी खरोखर कामाची असते ती बेडूक बसला असताना सहसा दिसत नाही.

न्हाणीघरातल्या पाहुण्याचेच घ्या. भिंतीला चिकटून बसणारा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला हा झाडावरचा बेडूक. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. मॅक्युलेटस म्हणजे ठिपकेवाला. आता गंमत अशी, की तो कधी मातकट दिसतो, कधी तपकिरी, कधी पिवळसर, आणि पांढऱ्या फरशीवर रात्रभर बसला तर सकाळी जवळजवळ फिकट राखी. पाठीवर कधी गडद डाग असतात, कधी नसतात. एका घरातून मला एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या बेडकांचे म्हणून तीन फोटो आले होते. तिन्हीत मांडीची मागची बाजू पाहिली तर तिथे गडद तपकिरी जाळी आणि त्या जाळीत गोल गोल पिवळे ठिपके. बेडूक बसला की मांडी पोटरीला मिटते आणि ठिपके झाकले जातात. उडी मारली की क्षणभर चमकतात आणि पुन्हा नाहीसे होतात. पाठलाग करणाऱ्याची नजर त्यामुळे चुकते असे मानले जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की पाठीचा रंग बदलला तरी ही मांडीवरची नक्षी बदलत नाही.

पाठीचा रंग बदलतो कसा, हेही थोडक्यात सांगतो. बेडकाच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात. वर पिवळ्या-तांबड्या रंगाच्या पेशी, त्याखाली उजेड परावर्तित करणाऱ्या, आणि सर्वांत खाली काळ्या रंगद्रव्याच्या. या काळ्या पेशीतले रंगाचे कण मध्यभागी गोळा झाले की बेडूक फिकट दिसतो, फांद्यांसारखे सगळीकडे पसरले की गडद होतो. थंडी, ओल, उजेड, भीती, कशानेही हे होऊ शकते. म्हणजे ‘तपकिरी बेडूक’ असे नाव देणे हे ‘भिजलेला माणूस’ असे नाव देण्यासारखे आहे. नक्षी मात्र टिकते. रंग गडद झाला तर नक्षी बुडाल्यासारखी वाटते, पण जागा सोडत नाही. म्हणून रंगापेक्षा नक्षी बरी. पण नक्षीतही विश्वासाची कोणती आणि बिनभरवशाची कोणती, हा पुढचा प्रश्न. आणि तिथेच मी एकदा सपशेल आपटलो आहे.

१९८४ सालचा जुलै. मी नवा अध्यापक. प्रयोगशाळेसाठी परिसरातल्या बेडकांचे नमुने जमवायचे असे मनात आले. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. विच्छेदनासाठी बेडूक पुरवण्याचे काम तेव्हा त्यांच्याकडे होते. (आता ते विच्छेदन बंद झाले, बरेच झाले.) लावणी झालेल्या एका खाचरात आम्ही रात्री बॅटरी घेऊन उतरलो. बांधाच्या कडेला अंगठ्याएवढे बेडूक ओरडत होते. त्यांतल्या काहींच्या नाकापासून पाठीच्या शेवटापर्यंत मधोमध स्वच्छ पांढरी रेघ, जणू खडूने पट्टी धरून ओढलेली. बाकीच्यांच्या पाठीवर रेघेचा मागमूस नाही, नुसते मातकट ठिपके. माझा आनंद गगनात मावेना. एकाच शेतात दोन जाती! मी दोन बरण्या काढल्या, दोन चिठ्ठ्या लिहिल्या.

मामा बांधावर उकिडवे बसून ऐकत होते. म्हणाले, ‘‘सर, बरण्या दोन कशाला? हाक तर एकच आहे.’’

मी त्यांना रेघ दाखवली. ते म्हणाले, ‘‘ते खरं. पण आमच्या घरातबी एका पोराच्या गालावर तीळ आहे, दुसऱ्याच्या नाही.’’

मी ऐकले नाही. पुस्तकातही ही रेघ असते किंवा नसते असे लिहिलेले होते, मी ते वाचलेले होते. पण डोळ्यांना इतके स्पष्ट दिसत असताना पुस्तकातल्या एका ओळीकडे कोण लक्ष देतो! त्या दोन बरण्या पुढे अकरा वर्षे प्रयोगशाळेच्या कपाटात दोन वेगळ्या जाती म्हणून उभ्या होत्या, आणि मी दरवर्षी विद्यार्थ्यांना त्या अभिमानाने दाखवत होतो.

मामांचे बरोबर होते. या गटातल्या बेडकांत पाठीवरची मधली रेघ ही त्या त्या बेडकाची खूण असते, जातीची नव्हे. काही जातींत ती एकाच प्रबळ जनुकामुळे येते, असे प्रजननाच्या प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे एकाच मादीच्या एकाच वेळच्या अंड्यांतून रेघवाले आणि बिनरेघेचे असे सख्खे भाऊ निघू शकतात. असे का राहिले असावे? पक्षी, साप यांना शिकार शोधताना एका ठरावीक चित्राची सवय होते. सगळे बेडूक एकसारखे असते तर ते चित्र पक्के बसले असते. पाठी वेगवेगळ्या असल्या की शोधणारा गोंधळतो. हे स्पष्टीकरण सगळीकडे लागू पडेल असे नाही, पण पाठीवर इतकी विविधता का, याचे ते एक चांगले उत्तर आहे. ज्या युक्तीने बगळा फसतो, त्याच युक्तीने प्राणिशास्त्राचा अध्यापकही फसला.

मग पाहायचे कुठे? थोडे आपल्या नेहमीच्या ओळखीच्यांवरून सांगतो.

पायरीखाली, कुंडीमागे बसणारा खडबडीत प्राणी म्हणजे भेक. पुष्कळ लोक त्याला बेडूकच म्हणतात, म्हणू द्या. आपल्याकडचा सर्वांत सामान्य भेक ओळखायला डोके पाहावे. डोळ्यांच्या वर आणि नाकाकडे जाणाऱ्या हाडांच्या कडा उंचावलेल्या असतात आणि त्या काळ्या असतात, काजळाने रेखल्यासारख्या. अंगावरच्या चामखिळींची टोकेही काळी. याच्यासारखाच दिसणारा, पण डोक्यावर अशा कडाच नसलेला दुसरा एक भेक महाराष्ट्रात आहे. दोघांत शंका आली तर डोक्यावरून नजर फिरवली की काम होते. भेकाला हात लावल्याने आपल्याला चामखीळ येते ही समजूत निव्वळ चुकीची. मात्र त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून दाहक स्राव येतो. कुत्र्याने तोंडात धरला तर कुत्र्याला त्रास होतो. आपण हात धुवावेत, इतकेच.

विज्ञान शाखेला गेलेल्या प्रत्येकाला ‘राना टायग्रिना’ हे नाव आठवत असेल. तोच तो पाठ्यपुस्तकातला मोठा बेडूक. नाव बदलून आता होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस झाले आहे, बेडूक तोच. पहिल्या पावसात त्याचे नर लिंबासारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या निळ्या. इतका भडक प्राणी ओळखण्यात कसली अडचण, असे वाटेल. पण हा थाट काही दिवसांचा. नंतर तो पुन्हा हिरवट-मातकट होतो आणि मग त्याचा एक जवळचा भाऊबंद, थोडा आखूड आणि गुबगुबीत, त्याच्यात सहज मिसळून जातो. इथे पाठीवरचे डाग काही सांगत नाहीत. मागच्या पायाचा तळवा पाहावा लागतो. या दुसऱ्या बेडकाच्या तळव्यावर आतल्या बाजूला फावड्याच्या पात्यासारखी मोठी कडक गाठ असते. माती उकरून मागे मागे जमिनीत शिरायला ती वापरतो. तंगडीसाठी बेडूक पकडणाऱ्यांना या फरकाशी काही देणेघेणे नसते. भारताने १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तरी गोव्याकडे पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ या लाडक्या नावाखाली दोन्ही जाती चोरून मारल्या जातातच. ज्या दिवसांत ते अंडी घालायला बाहेर पडतात नेमक्या त्याच दिवसांत.

आता माझ्या बरण्यांकडे परत येतो, कारण ती गोष्ट संपलेली नाही.

एकदा मामांचे पटल्यावर मी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि एकच नाव लिहिले. फार समाधान वाटले. त्या काळी आपल्या भातशेतातल्या या छोट्या बेडकाला सरसकट ‘राना लिम्नोकॅरिस’ म्हणत. हे नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाला दिलेले. जावा कुठे, आमचे खाचर कुठे! सह्याद्रीतला प्रकार काहीसा वेगळा आहे हे अ‍ॅनंडेल या शास्त्रज्ञाने १९१९ सालीच नोंदवले होते. त्याने त्याला आपल्या सह्याद्रीचेच नाव दिले. हा अ‍ॅनंडेल म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक. पण त्याने पाडलेला हा फरक पुढे बराच काळ फारसा कुणी मनावर घेतला नाही. दिसायला सारखे आहेत ना, मग एकच, असे चालले होते.

मग बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्यांचे आलेख काढता येऊ लागले आणि जनुकांची तुलनाही करता येऊ लागली. तेव्हा या ‘एकाच’ बेडकातून एकेक जात वेगळी निघू लागली. २०१५ साली गोव्याच्या परिसरातून एक, तिचे नाव गोमंतकी. २०१७ साली आंबोलीहून एक. २०१९ साली महाराष्ट्रातल्या उत्तर सह्याद्रीतून एक, आणि तिचे नाव चक्क ‘मराठी’ ठेवले आहे. मिनर्वार्या मराठी! आपल्या भाषेचे नाव धारण करणारा बेडूक आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? हे सगळे एकमेकांशेजारी ठेवले तर पाठीवरून ओळखणे तज्ज्ञालाही कठीण. नर ओरडू लागले की मात्र फरक पडतो. प्रत्येक जातीच्या हाकेत ठेक्यांची संख्या, त्यांतले अंतर, स्वराची उंची वेगळी. आणि ते साहजिकच आहे. अंधारात मादीला रेघ दिसत नाही, तिला ऐकू येते. आपली जात कोणती हे ती कानाने ठरवते.

म्हणजे माझी पहिली चूक ही, की एकाच जातीच्या मी दोन केल्या. आणि दुसरी ही, की ज्या कदाचित दोन किंवा तीन होत्या त्यांची मी घाईने एक करून टाकली. ‘कदाचित’ म्हणतो, कारण आता ते कळायला मार्ग नाही. फॉर्मॅलिनमध्ये बेडकाचा रंग जातो. त्यातल्या नमुन्यांवर जनुकांचे काम करणेही अवघड असते. आवाज तर मी मुद्रित केलाच नव्हता. चिठ्ठीवर लिहिले आहे, ‘भातशेत, जुलै’. कोणते शेत, किती तारीख, काहीही नाही. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये तारीख नसेल तर सही न करणारा मी!

कुणी विचारील, की अंगठ्याएवढ्या बेडकाच्या नावासाठी एवढी यातायात कशाला? आपापसांत त्यांना कळते आहे, आपल्याला नाही कळले तर काय बिघडते? या प्रश्नाला माझ्याजवळ दोन उत्तरे आहेत. पहिले केरळातले आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुळागरांत, विहिरींच्या आसपास एक देखणा बेडूक दिसतो. पाठ विटेसारखी लाल, कधी सोनेरीकडे झुकणारी. दोन्ही कुशी गडद काळसर. लाल शेला पांघरून काळा अंगरखा घातलेला असावा तसा. हा बेडूक शाळेतले मूलही ओळखेल. १८३८ सालापासून त्याला मलबारच्या नावाने ओळखत, आमच्या कोकणातल्यालाही तेच नाव. २०१५ साली पुण्यातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या केरळातल्या सहकाऱ्यांनी जागोजागचे नमुने मोजून आणि जनुके तपासून दाखवले, की हा एक नाही. त्यांनी जी जात वेगळी काढली तिला संस्कृतातले नाव दिले : बहुविस्तारा. म्हणजे लांबवर पसरलेली. आपल्या महाराष्ट्रात ज्याला आपण मलबारचा म्हणत होतो तो हा. लाल शेला दोघांचाही सारखाच.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१७ साली, तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी या संस्थेतील आणि अमेरिकेच्या एमरी विद्यापीठातील संशोधकांनी केरळातून मिळालेल्या याच बहुविस्ताराच्या कातडीतल्या स्रावातून एक छोटे प्रथिन वेगळे केले. एच-१ प्रकारच्या फ्लूच्या विषाणूंना ते फोडून टाकते आणि उंदरांना त्या फ्लूपासून वाचवते, असे त्यांना आढळले. केरळात उरुमी नावाची लवचिक, पट्ट्यासारखी तलवार असते, तिच्यावरून त्या प्रथिनाला ‘उरुमिन’ असे नाव दिले. त्याचे औषध बाजारात आलेले नाही, प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतचा रस्ता लांब असतो. पण विचार करा. प्रत्येक जातीच्या कातडीतली रसायने वेगळी असू शकतात. उद्या दुसऱ्या कुणाला हा प्रयोग पुन्हा करायचा झाला आणि त्याने ‘लाल पाठीचा तो’ एवढ्या ओळखीवर भलताच बेडूक आणला, तर हाती काय लागेल? नाव म्हणजे पत्ता असतो. पत्ता चुकला की पत्र जात नाही.

दुसरे उत्तर आंबोलीचे आहे आणि ते मला जास्त टोचते.

१९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या परिसरातून एका छोट्या भेकाचे वर्णन केले. काड्यापेटीत मावेल एवढा प्राणी. आपल्या पायरीखालच्या भेकासमोर ठेवला तर तो त्याचे पिल्लू वाटावा. पण त्याच्या कुशीवर गडद पिवळे ठिपके असतात, हळदीची बोटे उमटवल्यासारखे. पुढे आंबोलीच्या सड्यांवरही असाच एक छोटा भेक सापडला. कोयना आणि आंबोली यांत सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर अंतर. वरवर पाहता तोच. पण त्याच्या कुशीवर ठिपके नाहीत, वेडेवाकडे पिवळे पट्टे आहेत, वाघासारखे. २००९ साली बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वेगळी जात असल्याचे जाहीर केले. तिचे नाव टायगेरिना असे ठेवले आणि या दोन पिवळ्या भेकांसाठी झँथोफ्रायनी ही नवी प्रजातीही केली. झँथो म्हणजे पिवळा.

इथे कुशीवरची नक्षी खरी ठरली. ठिपके की पट्टे, एवढे पाहिले तरी कोयनेचा की आंबोलीचा हे सांगता येते. आणि तेवढ्या फरकाने त्या प्राण्याचे नशीब बदलले. आधी सह्याद्रीत पसरलेली एक जात आहे असे वाटत होते. ती दोन झाल्यावर प्रत्येकीचा मुलूख आक्रसला. आंबोलीचा भेक तर आंबोली आणि आसपासच्या थोड्याच जागी आढळतो. आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे, कोयनेच्या भेकाची ‘संकटग्रस्त’. पहिल्या पावसांत जांभ्याच्या कातळावर जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. ऊन पडले तर दोन-चार दिवसांत आटून जाईल असे पाणी. ज्यांना आपण पडीक कातळ म्हणतो, गाड्या उभ्या करायला सोयीची जागा म्हणतो, तेच त्याचे बाळंतघर. त्याच दिवसांत धबधबे पाहायला गर्दी लोटते आणि रात्री रस्ता ओलांडणारे हे काड्यापेटीएवढे जीव चाकांखाली येतात.

अशाच एका सड्यावर होणाऱ्या कामाचा पर्यावरण अहवाल मला काही वर्षांपूर्वी वाचायला मिळाला. काम कोणते, अहवाल कोणाचा, ते सांगत नाही. प्राण्यांच्या यादीत एक ओळ होती : ‘भेक – सर्वत्र आढळतो.’ पाहणी करणाऱ्याने खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. त्याने वरून पाहिले असेल, खडबडीत पाठ दिसली असेल. वाकून कूस पाहिली नसेल. तिथे कोणता भेक होता हे मलाही सांगता येणार नाही. पण त्या ओळीने प्रश्नच मिटवून टाकला. यादीत जे सर्वत्र असते, त्यासाठी कोणी थांबत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. भारतात त्यांच्या साडेचारशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि दरवर्षी भर पडते आहे. नवी जात जाहीर होते म्हणजे ती नव्याने जन्मलेली नसते. ती इथेच होती, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने.

या पावसात तुम्हाला बेडूक दिसला आणि तो कोण हे जाणून घ्यावेसे वाटले, तर माझी विनंती आहे की पकडू नका. त्याची कातडी पातळ असते, तो तिच्यातून श्वासही घेतो. आपल्या हाताला लागलेले मीठ, साबण, डासांचे मलम त्याला सोसत नाही. पकडणे अगदी भागच असेल तर हात नुसत्या पाण्याने ओले करून घ्या आणि लगेच सोडा. फोटो काढाल तर खाली बसून, त्याच्या उंचीवरून, बाजूने काढा. डोळा, कानाचा गोल पडदा, ओठाची कडा आणि कूस एका चौकटीत येऊ द्या. मग एक मागून. तो स्वतःहून पाय ताणील तेव्हा मांडी दिसते, वाट पाहावी लागते. बोटांच्या टोकांवर चकत्या आहेत का, मागच्या बोटांमधला पडदा टोकापर्यंत आहे की अर्ध्यावर, हेही पाहा. पाठीचा फोटोही काढा, माझी ना नाही. नंतर फोन बंद करू नका. अर्धा मिनिट त्याचा आवाज मुद्रित करा. आणि माझ्यासारखे ‘भातशेत, जुलै’ लिहू नका. गाव, जागा, तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, सगळे लिहा. नाव नाही सापडले तरी चालेल. आज ज्याला नाव नाही, त्याची नीट केलेली नोंद दहा वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडते. चुकीचे नाव दिलेली नोंद मात्र पडत नाही, उलट नडते.

मामा आता नाहीत. त्यांनी दाखवलेले खाचर आहे, त्याचा अर्धा भाग भरून तिथे घर झाले आहे. गेल्या जुलैत त्यांच्या नातवाला घेऊन मी तिथे गेलो. तो अकरावीला आहे, त्याच्याकडे चांगला मोबाईल आहे. बांधावर बसून आम्ही वीस मिनिटे आवाज मुद्रित केला. घरी येऊन त्याने तो संगणकावर लावला. पडद्यावर एक हाक लांब आणि दाट ठेक्यांची होती, दुसरी आखूड आणि तुटक. दोन्ही एकाच खाचरातून, हातभर अंतरावरून आलेल्या.

दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा गेलो. तुटक आवाज जिथून येत होता तिथे त्याने बॅटरी धरली. चिखलात दोन नर बसले होते आणि दोघेही त्याच ठेक्यात ओरडत होते. एकाच्या पाठीवर पांढरी रेघ होती, दुसऱ्याच्या नव्हती. पोराने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘आजोबा, नोंद एक करू की दोन?’’